दारामागच्या खिळ्यावरची बंदूक

नाव: सिमियन एफ्रेम लुकिन. वय: ६३. धंदा: शिकारी पाहुण्यांचा वाटाड्या. राहणार: निकिफोर बे, कोडियाक बेट, अलास्का. सोबत आणलेली हत्यारं: दोन रायफली. पैकी एक चारशे सोळाची मॅग्नम, दुर्बिणीसह, तक्रारदार ग्रेडी हॉलिस्टर यांची. दुसरी तीस-शून्य-सहा, जुनी, लाकडी दस्त्याला तांब्याच्या तारेचा वेढा, माझी.

मी वरील इसम आज चार नोव्हेंबर रोजी स्वतःच्या पायाने ठाण्यात येऊन, राज्य पोलिसांचे ट्रूपर डॉन्ली यांच्यासमोर बसून सांगतो की, मी वर दिलेल्या पत्त्यावर एकटा राहतो. माझी थोरली बहीण फेओदोरा, वय ७१, गावाबाहेर ओढ्याच्या तोंडाशी आमच्या जुन्या मासळीच्या घरात राहते. तिथे ती सॅल्मन मासे कापते, त्यांना धुरी देते आणि गावाबद्दल वाईट बोलते. तिच्याकडे फोन नाही. मी एक घेऊन दिला होता, तो तिने मिठाच्या डब्यात ठेवला आहे.

बाहेरच्या माणसाला आमच्या बेटावर तपकिरी अस्वलाची शिकार करायची तर बरोबर परवानाधारक वाटाड्या लागतो. ते काम मी तरुणपणापासून करतो. एका पाहुण्याला एकच अस्वल. ते जागेवर पडलं काय किंवा नुसतं रक्त सांडून जाळीत पळालं काय, कायद्याच्या लेखी दोन्ही सारखंच. परवाना संपला, शिकार संपली, पाहुण्याने घरी जायचं. त्यामुळे इतर ठिकाणचे शिकारी "मी मारलं" म्हणून छाती फुगवतात आणि आमच्याकडे येणारे "चुकलं हो, लागलंच नाही" म्हणून गळा काढतात. आपला नेम चुकला हे पटवून देण्यासाठी एवढी धडपड करणारी माणसं मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेली नाहीत. हे आधी लिहून घ्यावं, पुढे लागणार आहे.

तक्रारीत चोरी असा शब्द आहे. त्याबद्दल सांगतो. आमच्या गावात एक रीत आहे. ज्याच्या गोळीने अस्वल जखमी होऊन जाळीत शिरलं, त्याची बंदूक त्या जाळीला सगळ्यात जवळच्या घरात जाते, काडतुसांसकट. घराच्या दारामागे खिळा असतो, त्याला ती लटकवतात. कारण सरळ आहे. जखमी अस्वलाचा शेजार ज्या घराला मिळाला, त्या घराला निदान एक बंदूक जास्त मिळावी. जखमी करणाऱ्याने किंवा त्याच्या वाटाड्याने अस्वल शोधून संपवलं तर बंदूक परत. मधल्यामध्ये दुसऱ्या कुणाला ते संपवावं लागलं, तर बंदूक त्याची झाली. मग तिच्यावर हक्क सांगायचा नाही आणि तोंडही वाकडं करायचं नाही.

ही रीत कुठे लिहिलेली आहे काय, असं विचारल्यावरून सांगतो की, नाही. लिहिली असती तर कुणीतरी वकील आणला असता. मी प्रत्येक पाहुण्याला ती पहिल्या जेवणाला सांगतो. हॉलिस्टर यांनाही सांगितली. ते तेव्हा मासा भरून भाजलेल्या पिरोकचा आणखी एक तुकडा ताटात घेत होते. म्हणाले, "मान्य, सिमियनभाऊ, एकदम मान्य. तसं पण माझ्या बंदुकीने कुणी जखमी होत नसतं. डायरेक्ट खलास!" मान्य हा शब्द मी ऐकला आहे.

हॉलिस्टर हे ओक्लाहोमाचे. लोकांच्या परसात पोहण्याचे तलाव बांधून देतात. माणूस म्हणून त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. जेवण झाल्यावर स्वतःचं ताट स्वतः धुतात, असे पाहुणे कमी येतात. बोलतात मात्र फार.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना समुद्रकाठी नेऊन बिस्किटांच्या रिकाम्या खोक्यावर नेम धरायला लावला. ही सवलत नाही, माझा नियम आहे. पाहुण्याचा नेम अस्वलाच्या आधी मला कळलेला बरा. त्यांनी पेटीतून ही चारशे सोळाची मॅग्नम काढली. ही बंदूक हत्ती अंगावर येतो त्या देशासाठी बनवली असावी.

मी विचारलं, "ही कुणी सुचवली?"

"दुकानातल्या पोराने. म्हणाला, अलास्काला जाताय तर याच्या खाली बघूच नका."

"तो आलाय कधी इकडे?"

"ते काय माहीत नाही. पण दाढी होती त्याला."

पहिली गोळी वाळूत गेली. दुसरी समुद्रात गेली. तिसरी कुठे गेली ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही. खोका होता तसाच होता. मग मी त्यांच्या हातून बंदूक घेतली, भरल्यासारखं केलं आणि रिकामीच परत दिली. हा आमच्या धंद्यातला जुना डाव आहे. रिकाम्या बंदुकीला धक्का नसतो, त्यामुळे माणूस धक्क्याला किती घाबरतो ते उघडं पडतं. हॉलिस्टर यांनी चाप ओढला. टक्क असा आवाज झाला आणि बंदूक सुटलीच नाही, तरी त्यांनी डोळे गच्च मिटले, खांदा मागे खेचला आणि नळी चौफेर फिरवली. बंदुकीशी एकट्याने कुस्ती चालली होती. ते लालबुंद झाले. थोड्या वेळाने खाली वाळूत बसले आणि म्हणाले, "खरं सांगू? मला भीती वाटते हिची. बायकोला सांगू नका."

मी म्हणालो, "तुमची बायको इथे कुठाय?" आणि माझी बंदूक पुढे केली. "ही घ्या. माझ्या वडिलांनी हिच्यावर उभा जन्म काढला. धक्का नाही, नखरा नाही. आपल्याला झेपेल तेवढीच बंदूक घ्यावी, साहेब. अस्वल नळीच्या जाडीने मरत नाही. गोळी जिथे लागते त्याने मरतं."

हे वाक्य मी दर पाहुण्याला ऐकवतो. ते खरं आहे. अजूनही खरंच आहे.

हॉलिस्टर म्हणाले, "मी ही घेतली तर तुम्ही काय घेणार?"

"वाटाड्याला तीनशे पंच्याहत्तरची लागते. जड असते ती."

"मग कुठाय ती?"

"घरी. पलंगाखाली."

गेल्या हिवाळ्यात माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ती मोठी बंदूक मी एकदाच झाडून पाहिली आणि संध्याकाळभर वाफेच्या न्हाणीत खांदा धरून बसलो. तेव्हापासून मी वडिलांची तीस-शून्य-सहाच बरोबर नेतो. हे मी हॉलिस्टर यांना सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही झेपत नाही."

"मला झेपते. खांद्याला झेपत नाही," असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि आपली मॅग्नमच घेतली. म्हणाले, घरी सगळ्यांना हिचंच नाव सांगून निघालोय, आता दुसरीने मारून कसं चालेल.

याच विषयावर माझी बहीणही मला बोलली होती, तेही सांगतो. हंगामाच्या आधी मी तिच्याकडे मीठ पोचवायला गेलो तेव्हा तिने माझ्या खांद्यावरची बंदूक पाहिली. म्हणाली, "ही घेऊन पाहुणे फिरवणारेस? पाहुणा उभ्या अस्वलावर मारतो, गाढवा. तुला पळत्यावर मारायचंय, तेही पाठमोऱ्या. मागे उभा राहतो त्याचीच बंदूक मोठी लागते." मी तिला म्हणालो, "अक्का, तू मासे काप." ती कापायला लागली.

एकोणतीस ऑक्टोबरला दुपारनंतर ओढ्यापलीकडच्या उतारावर एक मोठा नर दिसला. तो मुळं उकरत होता. तिरका पाऊस होता. आम्ही ओढ्याच्या घळीतून सरकत सरकत त्याच्या बऱ्यापैकी जवळ गेलो. मी हॉलिस्टर यांना एका धोंड्यावर बंदूक टेकवायला सांगितली आणि कानात सांगितलं, डोळे उघडे. ते हो म्हणाले. त्यांनी गोळी झाडली. अस्वल चारी पायांवर उडालं, त्याने भुंकल्यासारखा आवाज केला आणि ते आल्डरच्या झुडपांच्या जाळीकडे सुटलं. ते लागलेल्या अस्वलासारखं उडालं, असं मला वाटलं. पाहुण्याची गोळी लागली असेल आणि अस्वल जाळी गाठत असेल, तर वाटाड्याने थांबायचं नसतं. म्हणून मीही एक गोळी झाडली, पाठमोऱ्या पळत्या अस्वलावर. ते जाळीत शिरलं. माझी गोळी गवतात गेली, असं मी धरून चाललो.

असं का धरलं, असं विचारल्यावरून सांगतो की, अस्वल पडलं नाही म्हणून. माझी गोळी लागली की अस्वल पडतं, अशी माझी समजूत होती.

जाळीच्या तोंडाशी पानांवर रक्त होतं. मी हॉलिस्टर यांना दाखवलं आणि टोपी काढली. शिकार संपली, असा त्याचा अर्थ. ते म्हणाले, "हे माझं नाही."

"साहेब, रक्त आहे. खोटं बोलत नाही ते."

"अहो, मी चुकलो! बंदूक सुटली तेव्हा मी आभाळाकडे बघत होतो. बघत पण नव्हतो, डोळे मिटले होते. दोन गोळ्या झाल्या ना? मग तुमची लागली असेल."

यावर मी हसलो. ते हसणंही जबाबात घ्यावं. इतक्या वर्षांत किती पाहुण्यांनी रक्ताकडे बघून "चुकलं" म्हटलं, त्याची मी मोजदाद ठेवलेली नाही. एकजण म्हणाला होता की, अस्वलाच्या नाकातून आलं असेल, त्याला उन्हाळा सोसत नसेल. तेव्हा हॉलिस्टर यांचं मी काहीही मानलं नाही.

ते मात्र म्हणाले, "बरं, मग मी पण येतो तुमच्याबरोबर आत. एकट्याने जाऊ नका." मी म्हणालो, "तुम्ही माझ्या मागे आणि ती तोफ तुमच्या हातात? नको. मला पुढच्याचीच भीती पुरे आहे." ते पावसात धोंड्यावर बसून राहिले. अंधारायला लागेपर्यंत मी बाहेर आलो नाही, तोवर ते तिथून हलले नाहीत. हे त्यांच्या बाजूने नमूद करावं.

जाळीत मी काय केलं, त्याचं वर्णन फार नाही. आल्डरची खोडं आडवी वाढतात, माणसाला रांगावं लागतं आणि रांगताना बंदूक पुढे धरता येत नाही. अस्वलाला मात्र तिथे रस्ता असतो. मला भीती वाटली. दर वेळी वाटते, पण या वेळी खांदा दुखत होता आणि हातात असलेल्या बंदुकीवर माझा भरवसा नव्हता. हे मी तेव्हा स्वतःशी कबूल केलं नाही. रक्त थोडं थोडं सांडलं होतं आणि ओढ्याच्या तोंडाकडे निघालं होतं. त्या दिशेला एकच घर आहे.

तिथून मी हॉलिस्टर यांना घेऊन थेट बहिणीकडे गेलो. तिला गावात चल म्हणालो. तिने धुरीघराकडे बोट दाखवलं, "आणि हे मासे कोण बघणार, तू? गेल्या वेळी तू बघितलेले मासे कुत्र्यानेसुद्धा परत आणून दिले होते." मग मी हॉलिस्टर यांच्याकडून बंदूक मागितली. त्यांनी दिली, पण हातातून सोडायला वेळ लावला. मी ती काडतुसांसकट दारामागच्या खिळ्याला लावली आणि रीत पुन्हा एकदा, सगळी, शेवटच्या कलमासकट सांगितली.

हॉलिस्टर म्हणाले, "पण मी मारलंच नाही तर माझी बंदूक का? हा दरोडा आहे!"

बहिणीने त्यांना चहा दिला. त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "सिमियन, हा खोटारडा वाटत नाही रे मला."

मी म्हणालो, "अक्का, पाहुणे तू बघतेस का मी बघतो?"

पुढचे दोन दिवस मी जाळीत होतो. अस्वल दोनदा माझ्या मागून गेलं, ते मला नंतर पावलांवरून कळलं. या दोन दिवसांत हॉलिस्टर माझ्या घरी बसून होते. परवाना संपल्याच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. मग विमान आलं. पाण्यावर उभ्या विमानात चढताना ते म्हणाले, "सिमियनभाऊ, बंदुकीचं जाऊ द्या. मी खोटं बोलत नाहीये, एवढं तरी माना."

"सगळे पाहुणे हेच म्हणतात, साहेब."

"सगळे डोळे मिटले म्हणून सांगतात?"

"सगळे चुकलं म्हणून सांगतात."

त्यांनी दार ओढून घेतलं. शहरात उतरून त्यांनी याच ठाण्यात चोरीची तक्रार दिली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिली असती.

विमान गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जे घडलं ते मी पाहिलेलं नाही, बहिणीने सांगितलं तसं सांगतो. ती बादली घेऊन बाहेर पडली तेव्हा धुरीघराचं दार मोडलेलं होतं आणि अस्वल आत होतं. त्याला धड पळता येत नव्हतं, म्हणून ते टांगलेल्या माशांवर आलं होतं. मागचा एक पाय ओढत ते बाहेर आलं आणि तिला पाहून थांबलं. ती म्हणते, त्याच्या तोंडाकडे बघून तिला पहिल्यांदा वाईटच वाटलं. मग ते तिच्या अंगावर आलं. तिची स्वतःची बंदूक आत कपाटात होती. दारामागे ही होती. तिने उंबऱ्यातून हात आत घातला, हाताला लागली ती काढली आणि अंगणाच्या अंतरावरून एकच गोळी झाडली. धक्क्याने दुर्बिणीची कड तिच्या भुवईत घुसली आणि ती उंबऱ्यात बसली. अस्वलही समोर बसलं. ती म्हणते, दोघं थोडा वेळ एकमेकांकडे बघत होतो. मग ती उठली, अस्वल उठलं नाही.

तो आवाज मी जाळीत ऐकला. आमच्या भागात तसा आवाज करणारी एकच बंदूक होती. मी किती वेळ धावलो ते सांगता येणार नाही. अंगणात अस्वल पडलेलं होतं आणि अक्का उंबऱ्यात, तिचं अर्धं तोंड रक्ताने भरलेलं. मी तिथेच उभा राहिलो. अक्का मेली असं मला वाटलं, आणि ती माझ्या धंद्यापायी मेली असं वाटलं. एवढ्यात ती म्हणाली, "उभा काय राहिलास पुतळ्यासारखा? सुरी आण." मी तिच्याजवळ बसलो आणि रडलो. ट्रूपर डॉन्ली यांनी हे लिहू का विचारलं. लिहावं.

भुवईला आमच्या गावच्या नर्सने टाके घातले आहेत. या सगळ्या प्रकरणात माणसाला झालेली इजा एवढीच, तीही हॉलिस्टर यांच्या बंदुकीने केली, आणि बहिणीचा जीवही त्याच बंदुकीने वाचवला. माझ्या तीस-शून्य-सहाने समोरून येणारं एवढं मोठं अस्वल अंगणात थांबलं असतं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. त्या बंदुकीला मी जे जे हसलो ते मागे घेतो.

जीव वाचवण्यासाठी मारलेल्या अस्वलाचं कातडं आणि कवटी सरकारजमा करावी लागते. म्हणून आम्ही दोघांनी ते सोलायला घेतलं. छातीत बहिणीची गोळी होती, अंगठ्याएवढी जाड, चपटी झालेली. मग आम्ही मागची जखम उघडली. गोळी मागून शिरून ढुंगणाच्या हाडाशी अडकली होती. हाडाला नुसती चीर गेली होती. मी सुरीच्या टोकाने गोळी बाहेर काढली आणि तळहातावर घेतली.

ती बारीक होती.

अक्काने ती माझ्या हातावरून उचलली, बादलीतल्या पाण्यात धुतली आणि जाड गोळीशेजारी उंबऱ्यावर ठेवली. दोन्हींमधला फरक लहान मुलालाही दिसला असता. मीच म्हणालो, "पावसात नीट दिसत नव्हतं, अक्का."

"हो."

"तीनशे पंच्याहत्तर असती तर हाड फुटून तिथेच बसलं असतं ते."

"हो."

"आणि त्याने मला सांगितलं होतं. रक्ताशेजारी उभं राहून सांगितलं होतं."

"मीही सांगितलं होतं," ती म्हणाली. "तू मला मासे कापायला सांगितलंस."

त्यानंतर मी ओढ्यापलीकडच्या उतारावर परत गेलो. अस्वल जिथे मुळं उकरत होतं त्याच्या मागे एक काळा खडक आहे. त्यावर, अस्वलाच्या पाठीपेक्षा माणूसभर उंच, एक ताजा पांढरा ओरखडा होता. हॉलिस्टर यांची गोळी तिथे लागली. अस्वल आवाजाला दचकून उडालं होतं. ते त्या वेळी पूर्ण धडधाकट होतं. जखमी केलं ते मी.

आता बंदुकीबद्दल. हॉलिस्टर यांची गोळी अस्वलाला लागलीच नाही, तेव्हा त्यांची बंदूक खिळ्याला लागायलाच नको होती. ती मी चोरली नाही, पण चुकीच्या माणसाची घेतली, आणि तो खरं बोलत असताना त्याला खोटा ठरवून घेतली. ती मी आज इथे जमा करतो. एक काडतूस कमी आहे आणि दुर्बिणीच्या कडेला माझ्या बहिणीचं रक्त आहे. ते पुसू नये असं बहिणीने सांगितलं आहे. त्यांना घरी काहीतरी दाखवायला होईल, असं ती म्हणाली. त्यांनी परवाना संपल्याच्या कागदावर सही केली नाही ते बरोबर केलं. त्यांचा परवाना संपलेला नाही.

जबाब सुरू होण्याआधी ट्रूपर डॉन्ली यांनी मला समजावून सांगितलं होतं की, बंदूक परत मिळाली तर हॉलिस्टर तक्रार मागे घेणार आहेत, तसं त्यांनी कळवलं आहे, आणि मी पोचपावतीवर सही करून गेलो तरी प्रकरण मिटतं. आणखी काही सांगितलं तर ते माझ्या परवान्याच्या फाइलला लागेल आणि पुढच्या हंगामात मला पाहुणे नेता येतीलच असं नाही. हे मला नीट समजलं आहे. मी पोचपावती घेतली नाही. ती बारीक गोळी अक्काने पाहिलेली आहे म्हणून मी आलो, असं कुणी म्हणेल. अक्का कुणाला सांगणार नव्हती. तिने मला तसं सांगितलं आणि तिने एकदा सांगितलं की ते शेवटचं असतं. माझ्याच्याने राहवलं नाही, एवढंच कारण आहे. तो माणूस पावसात धोंड्यावर बसून होता ते डोळ्यांपुढून जात नाही.

दुसऱ्या बंदुकीबद्दल विचारल्यावरून सांगतो की, ती माझ्या वडिलांची, एफ्रेम लुकिन यांची. त्यांनी ती शेवटच्या दुखण्यात मला दिली. तेव्हा अक्का खोलीत होती, त्यांचे पाय शेकत होती. त्या काळी आमच्या किनाऱ्यावर तिच्याइतका चांगला नेम कुणाचा नव्हता आणि हे वडिलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते तिला म्हणाले, "तुला काय, तुला मासे आहेत." ती पाय शेकत राहिली. मी बंदूक घेतली. त्यावर आम्ही दोघं पुढे कधीच बोललो नाही.

परवा सोलून झाल्यावर ती हात धूत होती. म्हणाली, "पाहुण्याची काढून दे. त्याची नाही ती." मी काढली. मग आम्ही दोघंही त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत उभे राहिलो. रीत तिने सांगितली नाही. इतकी वर्षं दर पाहुण्याला ती मीच सांगत आलो आहे. मी वडिलांची बंदूक खांद्यावरून उतरवली आणि खिळ्याला लावली. अक्काने तिच्याकडे पाठ केली आणि चुलीत लाकडं सारली. मग म्हणाली, "तारेचा वेढा सैल झालाय. मी बघते तो." पुरावा म्हणून दाखवायची म्हणून मी ती तिच्याकडून आजच्यापुरती मागून आणली आहे. काम झाल्यावर ती टपालाच्या विमानाने तिच्या नावाने पाठवावी. माझ्या हाती देऊ नये.

हा जबाब ट्रूपर डॉन्ली यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी जसं बोललो तसंच त्यात उतरलं आहे, कुणी दबाव आणलेला नाही. एकच दुरुस्ती आहे. सगळ्यात वर दुसऱ्या रायफलीपुढे "माझी" असं लिहिलं गेलं आहे. मी ते सवयीने सांगितलं. तो शब्द खोडून तिथे "फेओदोरा एफ्रेम लुकिन हिची" असं लिहावं. खोडलेल्या जागेशेजारी मी सही केली आहे.

सही: सिमियन एफ्रेम लुकिन
समक्ष: ट्रूपर डॉन्ली